पाऊस लागला की

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाचलेल्यांना राहायला दिलेल्या कंटेनरांची, घरांची चर्चा खूप झाली. घरं मोजता येतात ना! पण सर वाजली की छातीत धडधडणं, झोप उडणं, डोंगराकडे पाहणं टाळणं हे महिनोन्महिने टिकलं, तर तो भित्रेपणा नव्हे, आजार आहे. समुपदेशनानं, गरज पडल्यास औषधांनी तो आटोक्यात येतो. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पाऊस तर दरवर्षी लागतोच. अशा रात्री घाबरलेल्याला ‘विसर आता’ म्हणू नका. दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, आजची तारीख विचारा. आणि वर्षश्राद्धाला कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांनी जरा थांबावं.