‘कामगारकवी’ नावाचा पाट

कवीला पंगतीत तर घ्यायचे, पण दाराजवळच्या पाटावर बसवायचे, अशी एक सोय आमच्या समीक्षकांनी फार दिवसांपासून करून ठेवली आहे. त्या पाटाचे नाव ‘कामगारकवी’. ताट वाढतात, तोंडभर कौतुकही करतात. मात्र तूप वाढणारा तिथवर येईतो भांडे रिकामे झालेले असते!

या सोयीविरुद्ध मला भांडायचे आहे, आणि साक्षीला मी परमुलखातला एक माणूस आणला आहे. फिलिप लेव्हिन हा अमेरिकन कवी १९२८ साली डेट्रॉइट शहरात, रशियातून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटी जन्मला. पाच वर्षांचा असताना बाप गेला. चौदाव्या वर्षापासून तो मोटारींच्या कारखान्यांत राबू लागला. १९५० साली पदवी घेतली तरी कारखाना सुटला नाही. १९५३ साली आयोवा विद्यापीठात तो नाव न नोंदवताच वर्गात जाऊन बसला आणि रॉबर्ट लॉवेल व जॉन बेरीमन यांच्यापाशी शिकला. पुढे रीतसर पदवी मिळवली आणि १९५८ ते १९९२ अशी चौतीस वर्षे कॅलिफोर्नियात फ्रेझ्नो येथे इंग्रजी शिकवले.

आता आमचे पंडित दोन तोंडांनी बोलतील. एक म्हणेल, “तो कामगार, त्याला छंद काय, घाट काय?” या गृहस्थांना सांगावे की, याच कामगाराने एम. ए.चा प्रबंध कीट्सच्या कवितेवर लिहिला आणि त्याच्या १९६३च्या पहिल्या संग्रहात वृत्ताची शिस्त कडक आहे. दुसरा म्हणेल, “तो प्राध्यापक झाला, आता त्याने घामाच्या गोष्टी कशाला सांगाव्यात?” हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. खुर्ची मिळताच कालची चाळ विसरणारे मीही पाहिले आहेत. पण कसोटी खुर्चीची नव्हे, ओळीची. कारखाना सोडून तीसेक वर्षे लोटल्यावर, १९९१ साली, या माणसाचा ‘व्हॉट वर्क इज’ हा संग्रह आला. त्यातल्या शीर्षककवितेत लोक पावसात कामासाठी रांग धरून उभे आहेत. त्यांतल्या एकाला पुढचा माणूस आपला भाऊच वाटतो. पण तो भाऊ नसतो. खरा भाऊ रात्रपाळी करून घरी झोपलेला असतो, कारण दुपारच्या आत उठून त्याला ऑपेरा गाण्यासाठी जर्मन शिकायचे असते. घाम आणि गाणे एकाच देहात राहतात, हे त्रेसष्टाव्या वर्षी त्याने लिहिले. त्या संग्रहाला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, १९९५ साली दुसऱ्या एका संग्रहाला पुलित्झर मिळाले, २०११ साली तो अमेरिकेचा राजकवी झाला. २०१५ साली तो वारला.

आणि आपल्याकडे? नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६६ साली त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ दिले. १९९५ साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी त्यांची ओळख करून देताना ‘कवी’च्या आधी ‘कामगार’ लावल्यावाचून आमची जीभ पुढे सरकत नाही. मग बँकेत नोकरी करणाऱ्याला ‘बँककवी’ का म्हणत नाही? प्राध्यापकाला ‘पगारकवी’ का नाही? सरळ आहे: त्यांचे जगणे म्हणजे ‘मानवी अनुभव’, आणि गिरणीतले जगणे म्हणजे ‘विशिष्ट अनुभव’!

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरचा एक पोरगा पहिल्या तासाला पेंगतो. रात्री तो ढाब्यावर भांडी विसळतो. ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात त्याने लिहिले की, मला हिवाळा आवडत नाही, कारण गार पाण्याने कढईचे तेल निघत नाही. मी शुद्धलेखनाच्या सात चुका लाल शाईने दाखवल्या आणि वही परत केली. रात्री मात्र त्या एका वाक्याने मला झोपू दिले नाही. चाळीस वह्यांत खरा हिवाळा फक्त त्याच्याच वहीत होता, आणि मी मोजल्या त्या चुका!

तेव्हा समीक्षकांना दोष देताना माझाही कान मी पकडतो. हा पोरगा उद्या लिहू लागला, तर त्याला ‘ढाबाकवी’ म्हणून दाराशी बसवू नका. तो चांगले लिहील तर कवी म्हणा, वाईट लिहील तर तसे तोंडावर सांगा. दयेचा पाट मात्र मांडू नका. पंगत एकच असू द्या.