‘पंप आहे ना, मग कसला त्रास?’

बाळंतपणाला दोन-तीन महिने झालेल्या बायका माझ्याकडे पाठदुखी, मनगटाचं दुखणं, जड डोकं, चक्कर अशा तक्रारी घेऊन येतात. मी बालरोगतज्ज्ञ नाही, स्त्रीरोगतज्ज्ञही नाही. त्यामुळे त्या दुधाबद्दल विचारायला येत नाहीत, ‘बी ट्वेल्व्ह कमी झालं असेल का, एखादी ताकदीची गोळी द्या’ म्हणायला येतात. सलग किती तास झोपता, असं विचारलं की काही जणींकडून खरी गोष्ट कळते. बाळ अंगावर पीत नाही. दिवसरात्र पंपाने दूध काढून पाजणं चालू आहे. हे ऐकताना सोबत आलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं: ‘पंप आहे ना, मग कसला त्रास? बटण तर दाबायचं.’

आजचा लेख या वाक्याच्या विरोधात आहे.

आधी साधा हिशेब करू. सुरुवातीच्या आठवड्यांत दूध टिकवायचं तर चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढावं लागतं. आपण आठच धरू. एका वेळी पंपावर वीस मिनिटं. मग पंपाचे भाग सुटे करायचे, साबणाच्या गरम पाण्याने धुवायचे, वाळत घालायचे, पुन्हा जोडायचे. त्याची दहा मिनिटं. हा झाला अर्धा तास, आठ वेळा म्हणजे चार तास. आता काढलेलं दूध कोमट करून बाळाला पाजायचं, ढेकर काढायची. पुन्हा अर्धा तास, पुन्हा आठ वेळा. एकूण आठ तास. कारखान्यात याला एक पाळी म्हणतात. त्यात बाळाची आंघोळ, दुपटी, रडणं, स्वतःचं जेवण यांपैकी काहीही धरलेलं नाही, आणि साप्ताहिक सुट्टी नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही कष्ट असतातच, पण तिचं दूध उतरणं आणि बाळाचं पोट भरणं एकाच वेळी होतं. हिच्या वाट्याला ती दोन वेगळी कामं येतात आणि वर भांडी घासण्याचं तिसरं. रात्री दोनला उठून दूध काढलं, भाग धुतले, पाठ टेकली की पावणेतीनला बाळ उठतं.

‘मग एखादी वेळ चुकवावी’ असंही घरचे म्हणतात. शरीराचा कारभार तसा नाही. स्तन बराच वेळ भरलेला राहिला की दूध बनण्याचा वेग कमी होतो, रिकामा होत राहिला की वाढतो. म्हणजे जितकं काढाल तितकं बनेल. म्हणून दूध कमी पडतंय म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न हळिवाच्या खिरीचा नसतो. चोवीस तासांत किती वेळा काढता आणि पंपाची फनेल तुमच्या मापाची आहे का, हा असतो. फनेल लहान किंवा मोठी असेल तर स्तनाग्राला जखमा होतात आणि दूधही नीट निघत नाही. पंपाने दुखणं हे ‘सवय होईल’ म्हणून सोडून द्यायचं लक्षण नाही. डिंकाचे लाडू जरूर खा, चवीला छान असतात. दूध वाढवायच्या गोळ्या मात्र शेजारणीने सांगितल्या म्हणून घेऊ नका. त्यातली डॉमपेरिडोन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते.

दुसरा भाग पान्ह्याचा. आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे! दूध बनणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो. बाळाचा वास, स्पर्श, रडणं यांनी तो येतो. वेदना, भीती, अपमान यांनी अडतो. आता कल्पना करा, पंपाच्या बाटलीवर मिलिलिटरच्या रेघा आहेत आणि समोर बसलेली आत्या विचारते आहे, ‘इतकंच?’ अंगावर पिणाऱ्या बाळाने किती प्यायलं हे कुणालाच दिसत नाही. पंपाने ते घरभर दिसू लागलं आणि बाळंतिणीची रोज आठ वेळा परीक्षा सुरू झाली. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण 750 ते 800 मिली दूध लागतं, काहींना याहून बरंच कमी तर काहींना जास्त. बाळाचं वजन नीट वाढतंय आणि दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले होताहेत, एवढं पुरेसं आहे. मोबाईलवर कुणाचा तरी दुधाच्या पिशव्यांनी गच्च भरलेला फ्रीझर पाहून स्वतःला नापास करण्याचं कारण नाही. तो फ्रीझर म्हणजे त्या बाईच्या बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध, आणि जास्त दुधाचं दुखणं निराळं असतं.

आणखी एक टोमणा: ‘बाटलीनेच पाजते ना, मग हे काय स्तनपान?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान म्हणजे आईचं दूध, आणि काढून पाजलेलं दूधही त्यातच धरतात. पंप वापरणारी आई त्या व्याख्येत पूर्ण बसते. मुळात या बायका हौसेने इथवर आलेल्या नसतात. कुणाचं बाळ आठव्या महिन्यात जन्मून काचेच्या पेटीत होतं, कुणाच्या बाळाची टाळू दुभंगलेली आहे, कुणाला जुळं झालं. कुणाच्या स्तनाग्राला इतक्या चिरा पडल्या की बाळाला जवळ घ्यायचीच धास्ती बसली. (अंगावर घेण्याचा प्रश्न सुटण्यासारखा असतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात जाणकाराने दाखवून दिलं तर पुष्कळदा सुटतो. पण सिझेरियननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवताना तेवढा वेळ बसणारं माणूस किती रुग्णालयांत असतं?) काढलेल्या दुधाची किंमत आपल्या महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कमी वजनाची किती तरी बाळं अशा काढलेल्या दुधावर तगली आहेत.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं सरळ आहे. तुम्हाला बाळासाठी हे दूध हवं असेल तर त्या आठ तासांतले निम्मे तुमचे. दूध काढणं फक्त तीच करू शकते. धुणं, पाजणं, ढेकर काढणं, फ्रीजमध्ये तारीख घालून ठेवणं ही कामं करायला स्तन लागत नाहीत. नवऱ्याने रात्रीचं एक पाजणं पूर्ण आपल्याकडे घ्यावं, म्हणजे तिला सलग चार तास तरी मिळतील. सलग झोपेला औषध नाही, माझ्याकडेही नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर पाळण्यावरच्या खेळण्यांऐवजी पंपाच्या भागांचे आणखी दोन संच घ्या, म्हणजे दर वेळी लगेच धुवायला उठावं लागत नाही. दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा पंप परवडत असेल तर वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. नसेल परवडत तर हाताने काढायला शिका. फुकट आहे आणि पहिल्या दिवसांचं चिकाचं दूध पंपापेक्षा हातानेच चांगलं निघतं. पाजायला बाटलीच हवी असंही नाही. वाटी-चमचा किंवा आजीच्या काळातलं बोंडलं धुवायला कितीतरी सोपं.

साठवणीबद्दल थोडक्यात. 25 अंशांपर्यंतच्या तापमानात काढलेलं दूध चार तास चालतं. पण नागपूर-अकोल्याचा मे महिना असेल तर काढलं की लगेच फ्रीजमध्ये. तिथे आतल्या बाजूला ठेवल्यास चार दिवस, दारात नको. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे, वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने. बराच वेळ वीज जाऊन दूध वितळलं असेल तर पुन्हा गोठवू नका. गरम करायला वाटी कोमट पाण्यात ठेवा, मायक्रोवेव्ह नको. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांनंतर टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

आता कचेरी. मातृत्व लाभ कायदा 1961 चा. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा विश्रांती आधीपासून आहेत. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही चौकट हीच. या सगळ्यामागचं चित्र असं की बाळ जवळ आहे आणि आई त्याच्याकडे जाणार. लोकलने दीड तास प्रवास करून येणारी आई बाळाला घेऊन कशी येईल? तिला हवी आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, प्लगपॉइंट, बेसिन आणि फ्रीजमधला एक कप्पा. यातलं काहीच मागितलेलं नाही म्हणून काहीच दिलं जात नाही. माझ्या रुग्णांपैकी काही जणींनी ऑफिसच्या स्वच्छतागृहात बसून दूध काढलं आहे. त्याच साहेबांना कुणी त्यांचा डबा तिथे बसून खायला सांगेल का? आणि या निदान पगारी नोकरीतल्या बायका. घरकाम करणारी, दुकानात दिवसभर उभी राहणारी, शेतमजूर यांच्यापर्यंत 26 आठवडे पोहोचतच नाहीत.

बाजाराबद्दलही बोललं पाहिजे. दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातींना 1992 च्या कायद्याने बंदी आहे. पंप त्या कायद्यात येत नाही. त्यामुळे पंपाची जाहिरात मोकाट आहे, आणि तिच्यातली आई एका हाताने लॅपटॉप चालवत हसत असते. ‘कसला त्रास?’ हे वाक्य अर्धं तिथूनच आलेलं आहे.

माझ्या विषयातलं एक महत्त्वाचं. स्तनात गाठ, लाली, दुखणं आणि ताप आला तर ‘शेकून, जोरात चोळून पूर्ण रिकामं करा’ असं घरोघरी सांगतात. 2022 साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने हा सल्ला बदलला. जोरात चोळू नका, नेहमीपेक्षा जास्त वेळा काढू नका, थंड पट्ट्या ठेवा, डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन घ्या. चोवीस तासांत उतार पडला नाही तर किंवा थंडी वाजून ताप वाढला तर थांबू नका, दाखवा. यातली बहुतेक प्रतिजैविकं पाजत असताना चालतात आणि ते दूध बाळाला बाधत नाही.

आणि पंप बंद करायचा असेल तर? दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डॉक्टर मंडळी स्तनपानाचे फलक लावतो, व्याख्यानं देतो. आईचं दूध सर्वोत्तम, हे मीही सांगतो आणि सांगत राहीन. पण ज्यांनी एकदाही पंपाचा भाग धुतला नाही त्यांना ‘अजून चार महिने काढ’ म्हणण्याचा अधिकार नाही. मी धरून. बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, सतत रडू येतं, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात, असं असेल तर दुधाचा प्रश्न दुसरा, आधी डॉक्टर. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

सगळं किंवा काहीच नाही, असंही नसतं. दिवसात चार वेळा काढून उरलेलं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या पावडरचं दिलं, तरी ते चार वेळचं दूध वाया गेलेलं नसतं. पावडर डब्यावरच्या मापाने, उकळलेल्या पाण्यात. पुरवायची म्हणून पातळ करायची नाही. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध पाणी घालूनही नको, आणि मध तर नकोच. पूर्ण थांबवताना एकदम थांबवू नका, गाठी होतात. तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करा, स्तन फार ताठला तर आराम पडेल एवढंच काढा. दोन ते चार आठवडे लागतील. रात्रीची वेळ आधी बंद केली तर दूध लवकर आटतं. पण ज्या बाईला झोपेसाठीच थांबायचं आहे तिने तीच आधी बंद करावी.