एडनची खतावणी

आमच्या आष्ट्याहून समुद्र दूर. जवळची कृष्णा म्हणावी तर तीही सह्याद्रीकडे पाठ फिरवून पूर्वसमुद्राकडे निघालेली. तेव्हा या गावच्या दिवाळी अंकाने प्रारंभीच एका आरमारी अंमलदाराची कथा का सांगावी, या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आहे, जेथे पेठेतील अडत्यांच्या कोऱ्या, लाल वेष्टनातल्या खतावण्या पहिल्या पानावर ‘श्री’ रेखून हळदकुंकवाची वाट पाहत असतात.

१८०२ साली जन्मलेला कॅप्टन स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स कंपनीच्या मुंबईच्या आरमारात वाढला. ‘पॅलिन्युरस’ जहाजावरून, दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्याचा ठाव घेत घेत, त्याने अरबस्तानचा दक्षिण किनारा नकाशावर आणला. सुवेझच्या वाटेवरील आगबोटींना कोळशाची वखार हवी होती. १८३७ त ‘दर्या दौलत’ जहाज त्याच किनाऱ्यावरील एडनजवळ फुटून लुटले गेले, तेवढे निमित्त सरकारास पुरले, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी एडनवर निशाण चढले. (निमित्तांचा तुटवडा मुंबई सरकारास कधीच नव्हता, त्याच वर्षी त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले.)

सुमारे सहाशे वस्तीचे ते उजाड गाव हेन्सच्या पंधरा वर्षांच्या अमलात वीसएक हजारांचे बंदर झाले. परंतु न्यायनिवाडा, जकात, सुलतानांशी खलिते आणि खजिना हे सारे एकाच माणसाच्या माथी. हिशेबाला माणसे द्या, ही त्याची मागणी मुंबईच्या दफ्तरात पडून राहिली. समुद्राचा तळ वाव-वाव मोजणाऱ्याला तिजोरीचा तळ मात्र कळला नाही. १८५४ साली अठ्ठावीस हजार पौंडांची तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून तो दोनदा निर्दोष सुटला, तरी सरकारी येणे फिटेना, म्हणून मुंबईच्या तुरुंगात कर्जदार कैदी होऊन राहिला. सुमारे सहा वर्षांनी गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने त्याला सोडले, आणि थोड्याच दिवसांत, १६ जून १८६० रोजी, मुंबई बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर तो वारला. त्याने एडन बळकावले, हे आम्ही विसरत नाही. तरीही जमाखर्चाच्या त्या चोपडीपुढे त्याची कीव येते.

मराठी माणसाला एडन ठाऊक आहे ते निराळ्या कारणाने. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेले वासुदेव बळवंत फडके १८८० साली तेथे पोचले, ते बेड्या घालून. हेन्सला जन्मभर न मिळालेला कारकून सरकारने असा पाठविला. आणि त्याने कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उपटून पळ काढला.