कोर्टाची पायरी कोणी चढू नये?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण कोकणात लहानपणीच कानावर पडते. कलमांच्या बागांच्या वाटपात ज्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या, त्यांच्या तोंडी ती शोभते. पण नवऱ्याने आखातातून मोबाइलवर तलाक लिहून पाठवला आणि पोरीबाळींसह माहेरी आलेल्या मुलीला जमातीतले बुजुर्ग हीच म्हण ऐकवू लागले, तर मला विचारावेसे वाटते : ती पायरी चढली नाही तर फायदा कोणाचा?

कायदा इथे संदिग्ध नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, मोबाइलवरचा संदेशही त्यात आला. (तीन वर्षांच्या कैदेच्या तरतुदीवर माझे आक्षेप आहेत, ते पुन्हा कधीतरी.) म्हणजे तो संदेश वाचल्यानंतरही ती त्याची पत्नीच असते. रीतसर तलाक झाला असला, तरी पोटगीचा मार्ग बंद होत नाही. जुने कलम १२५, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, तलाकपीडित मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे, हे १० जुलै २०२४ च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झाले. अर्ज ती राहते तिथल्या न्यायालयात करता येतो. नवरा कुवेतला आहे म्हणून दापोलीच्या बाईने थांबायचे कारण नाही.

जमातीने समझोता घडवला तर आनंदच आहे. मात्र तो मान्य करण्याची सक्ती कोणावर नाही. फतव्याला कायद्याचे बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटले आहे. उलट जमातीने एक काम जरूर करावे : दप्तरातल्या निकाहनाम्याची नक्कल मागणाऱ्या बाईला ती विनातक्रार द्यावी. पुष्कळ अर्ज याच एका कागदापाशी अडतात.

खरी भीती पैशांची असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्ट फी, टंकलेखन, नकला हा खर्चही त्यात येतो. यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. असा नेमलेला वकील पक्षकाराकडून वेगळे पैसे मागू शकत नाही. मागितले, तर तिथेच तक्रार करा.

स्वतःचा वकील करायचा असेल तर गावातल्या छोट्या कचेरीत जायला संकोच करू नका; पोटगीच्या अर्जाला मोठे नाव लागत नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक दाव्याला सोळा अंकी सीएनआर क्रमांक असतो, तो मागून घ्या. त्यावरून पुढची तारीख मोबाइलवर आपली आपल्याला पाहता येते, दर वेळी कोणाला विचारावे लागत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडणे संपले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तो मुंबईतच न्यावा लागला होता. आज अर्ज तालुक्याला देता येतो. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी १५१०० हा आकडा लिहायला किती जमाती तयार आहेत, हे आम्हाला कळवा.