तहकूब सभा बंद करा, मंडळ सभासदांच्या हाती द्या!

मुंबईतल्या सर्व ग्रामस्थ मंडळांच्या सभासदांना जाहीर आवाहन



आपल्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढा आणि खालची तळटीप वाचा. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही, असं तिथे छापलेलं असतं. ही सोय अडीअडचणीसाठी होती. आज मंडळांचा सगळा कारभार तिच्यावरच चालतो. दहाची सभा साडेदहाला भरते. व्यासपीठावर कार्यकारिणी, समोर मोजकी डोकी. जमाखर्च भराभर वाचला जातो, मागून कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं, चहा येतो आणि वर्षाचा कारभार आटोपतो. मग अध्यक्ष भाषणात खंत व्यक्त करतात : सभासद उदासीन झालेत.

हे आम्हाला मान्य नाही. सभासदाकडे वर्गणीशिवाय काही मागायचंच नाही, हिशेब त्याच्या हाती द्यायचा नाही, निर्णय त्याला शेवटी कळवायचा आणि मग तो येत नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, हा अन्याय आहे. माणसं मंडळापासून दुरावली, कारण मंडळात त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही.

पुरावा हवा? गावचा माणूस मुंबईत वारतो तेव्हा काय घडतं ते आठवा. रात्री उशिरा निरोप येतो. कोणी हॉस्पिटलमध्ये कागदपत्रांसाठी धावतो, कोणी रुग्णवाहिका ठरवतो, कोणी गावी फोन करून वाडीला कळवतो, कोणी घरच्यांच्या सोबतीला बसतो. पहाटे गाडी महामार्गाला लागते तेव्हा मागच्या गाडीत वाडीतली चार माणसं असतात. मयत फंडाची रक्कम हातात पडायच्या आधीच खिशातून पैसे निघालेले असतात. तिथे नोटीस नसते, गणसंख्या मोजली जात नाही, कोणी दंडाची भीती घालत नाही. तरी माणूस येतो. कारण तिथे प्रत्येकाला नेमकं काम असतं आणि आपण नसलो तर अडेल, हे त्याला ठाऊक असतं.

आपली मंडळं याच भावनेवर उभी राहिली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी गिरण्यांनी भरून गेलं आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं कामाला आली. एकेका गावाने चाळीत एक खोली, एक गाळा धरला. पाळ्यांप्रमाणे माणसं आळीपाळीने झोपत. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि पत्र्याच्या पेटीपुरती जागा. जेवण खाणावळीच्या बाईकडे. भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं. नवा पोरगा गावाहून आला की त्याला गिरणीत चिकटवण्याची जबाबदारी खोलीची. याच माणसांनी जमवलेल्या पैशांतून गावी शाळेच्या खोल्या झाल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले, स्मशानात शेड उभी राहिली.

त्या माणसांना सभेची नोटीस लागत नव्हती. रोज रात्री तीच सभा होती. हिशेब झाकून ठेवायला जागा नव्हती, कारण भाड्यात कोणाचे किती आणि कोणाचे राहिले, हे शेजारी झोपणाऱ्याला माहीत असायचं. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांनी धोबीतलावाच्या आसपास काढलेल्या क्लबांतही हेच होतं. बोटीची वाट पाहणारे खलाशी तिथे एकत्र राहत, संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणत, गावच्या संताचा सण एकत्र करत. रोजच्या सहवासातून जबाबदारी आपोआप येत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगावाची घडी मोडली. कित्येक जण गावी परतले. बाकीच्यांचे संसार पुढे नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूरला गेले. खोलीतलं राहणं संपलं, पण मंडळाची रीत तीच राहिली. सभा अजून लालबागलाच आणि तीही रविवारी, मेगाब्लॉकच्या दिवशी. बदलापूरच्या सभासदाने मुलाबाळांसाठी असलेला एकमेव दिवस प्रवासात घालवावा आणि तिथे जाऊन फक्त ‘मंजूर’ म्हणावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करता?

काही मंडळांनी यावर दंडाचा उपाय काढला. सभेला गैरहजर, भरा दंड. दंडाने तिजोरीत पैसे येतात, माणूस येत नाही. उलट शंभर रुपये फेकले की कर्तव्य संपलं, अशी त्याला सवय लागते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. ज्या खोलीवर सगळं गाव वाढलं, तिची आज किंमत काय आहे याचा विचार करा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका देण्याची योजना आहे. गिरणगावातल्या इतर जुन्या चाळीही पुनर्विकासाला लागल्या आहेत. अशा वेळी भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? मंडळाच्या, की पन्नास वर्षांपूर्वी विश्वासाने ज्याचं नाव लावलं त्या एका माणसाच्या? त्याच्या वारसांचं म्हणणं काय आहे? विकासकाच्या कागदांवर सही कोणी करायची? हे प्रश्न आपल्यातल्या कितीजणांनी सभेत विचारले? कायदा काही प्रमाणात आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या मंडळाला विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि न्यासाच्या मालकीची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पण पागडीची खोली व्यक्तीच्या नावावर असेल आणि सभासद झोपलेले असतील, तर कायदा आपणहून धावत येणार नाही.

‘तरुणांना वेळ नाही,’ असं ज्येष्ठ म्हणतात. हेच तरुण मंडळाच्या नावाने क्रिकेटचे सामने भरवतात. मैदान मिळवतात, जर्सी छापतात, चषकाला देणगीदार शोधतात, दिवसभर उन्हात राबतात. शिमग्याला रजा टाकून पालखीला खांदा देतात. वेळ त्यांच्याकडे आहे. चिटणीसपद वीस वर्षं एकाच हातात असेल, तर ते वेळ तिथे कशाला घालतील?

‘बायकांसाठी महिला मंडळ आहे,’ असंही सांगतात. वर्षातून एकदा हळदीकुंकू केलं की झालं? गिरण्या बंद पडल्यावर घरं कोणी चालवली, हे प्रत्येकाने आपल्या आईला विचारावं. खाणावळीतून ज्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातलं, त्यांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं, आणि त्या बायकांनी कर्ज घेऊन, फेडून, हिशेब ठेवून दाखवला. ज्यांना हिशेब कळतो त्यांना मतदान नाही, ही घरटी एक पुरुष सभासदाची रीत आता मोडली पाहिजे. सुनेला आणि लेकीला, दोघींना सभासदत्व मिळालं पाहिजे.

ज्येष्ठांचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी पदरमोड करून मंडळ टिकवलं, याची आम्हाला जाण आहे. त्यांनी टिकवलेलं मंडळ त्यांच्यामागे बंद पडू नये, म्हणूनच हा आग्रह आहे.

आमच्या मागण्या :

१. सभेच्या आठ दिवस आधी जमाखर्च, बँक पासबुकाची प्रत आणि मोठ्या खर्चाच्या पावत्या प्रत्येक सभासदाला व्हॉट्सॲपवर आणि मागेल त्याला कागदावर मिळाव्यात.

२. खोलीची भाडेपावती, करारनामा आणि पुनर्विकासाचा सर्व पत्रव्यवहार सभेत वाचला जावा. सभेच्या ठरावाशिवाय कोणीही सही करू नये.

३. खोली, ठेवी आणि घटना दुरुस्ती यांवरचा कोणताही निर्णय तहकूब सभेत होऊ नये. त्यासाठी घटनेत दुरुस्ती व्हावी.

४. विरार-नालासोपारा, दिवा-डोंबिवली, कल्याण-बदलापूर असे विभाग करून दर तीन महिन्यांनी आळीपाळीने तिथे बैठक घ्यावी.

५. प्रत्येक सभासदाला वर्षभरासाठी एक नेमून दिलेलं काम असावं : रुग्णांची मदत, दहावी-बारावीच्या मुलांना मार्गदर्शन, कागदपत्रांचं जतन, गावच्या शाळेशी संपर्क. कामांची यादी नावांसह जाहीर व्हावी.

६. एका पदावर सलग दोन मुदतींहून अधिक कोणी राहू नये. प्रत्येक पदाबरोबर पस्तिशीच्या आतला एक सहकारी तयार करावा.

७. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व, मतदान आणि पदाचा अधिकार मिळावा.

सभासदहो, या मागण्या मान्य होण्याची वाट पाहत घरी बसाल, तर दोष तुमचाही असेल. आपल्या वाडीतल्या पाचजणांना जमवा. यातल्या ज्या मागण्या पटतात त्या ठरावाच्या रूपात लिहा, सह्या करा, चिटणिसांच्या हाती द्या आणि पोच घ्या. सभेत उभं राहून ठराव मांडा, तो मतास टाका, इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही ते पुढच्या सभेत तपासा. आणि निवडणूक लागली की अर्ज भरा. बिनविरोध निवड हा मंडळाचा गौरव समजू नका. उमेदवार दोन असतील तर दोघांनाही सभासदांच्या दारात यावं लागेल आणि काय करणार ते सांगावं लागेल.

आपले,
ग्रामस्थ मंडळांचे काही सभासद

(हे पत्रक वाचून झाल्यावर आपल्या गावच्या दुसऱ्या सभासदाला द्यावे.)