थांबणारा प्रोग्रॅम बरा!

विद्यार्थी मित्रांनो, आपला प्रोग्रॅम मध्येच थांबला की आपण हिरमुसतो. माझ्या मते अशा वेळी त्याचे आभारच मानायला हवेत. खरी भीती न थांबता चुकीचे उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमची असते.

एक उदाहरण घेऊ. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला जाते. समजा, महाबळेश्वर व कोयनानगर येथील जून ते सप्टेंबरच्या रोजच्या पावसाचा हिशेब तुम्ही फोर्ट्रानमध्ये मांडलात. १९५७ साली आलेली ही भाषा मोठ्या आकडेमोडीसाठी आजही वापरात आहे. पूर्वी तिच्यात अ‍ॅरेचा, म्हणजे आकडे ठेवण्याच्या कप्प्यांच्या रांगेचा, आकार आधीच ठरवून द्यावा लागे. ‘फोर्ट्रान ९०’पासून ‘अ‍ॅलोकेट’ ही आज्ञा देऊन प्रोग्रॅम चालू असताना हवे तेवढे कप्पे मागता येतात.

चार महिने म्हणून तुम्ही १२० कप्पे मागितलेत. पण जुलै आणि ऑगस्ट ३१ दिवसांचे. एकूण दिवस भरतात १२२! मग २९ व ३० सप्टेंबरचे आकडे जाणार कुठे? संगणक सहसा हटकत नाही. ते आकडे रांगेबाहेर, शेजारच्या जागेत लिहिले जातात. ती जागा रिकामी असेल तर चूक लपून राहते. तिथे कोयनानगरची रांग असेल तर तिचे आकडे पुसले जातात. जागेच्या वाटपाची नोंदच तिथे असेल, तर पुढे कप्पे परत करताना भलत्याच ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे!

उपाय सोपा आहे. एक तर दिवस मनाने न धरता आधी नोंदी मोजाव्यात आणि तेवढेच कप्पे मागावेत. दुसरे, जीफोर्ट्रान या विनामूल्य कंपायलरला रांगेच्या सीमा तपासायला सांगावे. मग १२१वा आकडा येताच प्रोग्रॅम थांबतो आणि चुकीची ओळही दाखवतो.

तपासणीने वेग मंदावतो, अशी तक्रार असते. ती खरी आहे. म्हणून एक पूर्ण मोसम तपासणीसह चालवून पाहावा. खात्री पटली की मोठ्या कामासाठी ती काढावी.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीकरांचे डोळे आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे लागले होते. अशा वेळी घर सोडायचे की थांबायचे, हे माणसे आकड्यांवरून ठरवतात. तेव्हा शिक्षकांनो, बरोबर उत्तराइतकेच गुण स्वतःची चूक शोधून दाखवणाऱ्यालाही द्या!