हप्ता घेण्याआधी रविवार मोजा

वेतनकरार झाला, फरकाची रक्कम एकदम हातात येणार म्हटलं की चाकण-भोसरीच्या घराघरांत याद्या सुरू होतात. मोठी गाडी, तळेगावला प्लॉट. जरा थांबा.

पगाराची पावती समोर घ्या. पगार आणि ओव्हरटाइम वेगवेगळे लिहा. सगळे हप्ते नुसत्या पगारात बसतात का, ते बघा. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो, म्हणून त्याच्या भरवशावर कर्ज काढावंसं वाटतं. पण कंपनीला काम कमी झालं की आधी ओव्हरटाइम बंद होतो. हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातोच.

मग नव्या गाडीपायी महिन्याचे किती रविवार कंपनीत जातील, ते मोजा. तो आकडा गाडीच्या किमतीशेजारी लिहा आणि घरात सगळ्यांना दाखवा. पोरं काय म्हणतात ते ऐका.

सुमारे 2,000 वर्षांपूर्वी रोममध्ये सेनेका नावाचा विचारवंत होता. शहराचा धान्यपुरवठा सांभाळणाऱ्या पाउलिनुसला उद्देशून त्याने आयुष्याच्या तोकडेपणावर लिहिलं. पैसा माणसं जपतात आणि वेळ मागेल त्याला देऊन टाकतात, ही त्याची तक्रार होती. तो स्वतः गडगंज श्रीमंत होता, हेही सांगायला हवं. तरी त्याचा एक सल्ला करून बघाच. अधूनमधून काही दिवस मुद्दाम अगदी साधं खायचं, साधं ल्यायचं आणि स्वतःला विचारायचं, मी भीत होतो ते एवढंच का? एखादा आठवडा पिठलं-भाकरीवर काढा. काम सुटण्याची धास्ती बरीच उतरते.

आपल्या देहूतली गोष्ट याहून मोठी. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळानंतर तुकोबांनी सावकारीच्या खतांतला निम्मा वाटा धाकट्या कान्होबाला दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते. संसारी माणसाला तेवढं जमणार नाही. पण नव्या कर्जावर सही करताना हात आखडता येतो.

फरकाऐवजी जमीन विकल्याचे पैसे आले असतील तर जास्तच जपा. सहा महिने मुदत ठेवीत ठेवा, नवरा-बायको दोघांच्या नावावर. भावकीत कुणी उसने मागितले तर सहा महिन्यांनी बोलू म्हणा.

फरकाच्या रकमेतून आधी गहाण सोनं सोडवा, पतपेढीचं देणं फेडा. आणि साठलेली रजा याच उन्हाळ्यात टाका. गावी आईवडील वाट बघत असतील.